जुईची मूठ

"तू कंपनीत नेमकं काय करतेस गं?" असं कुणी विचारलं की कस्तुरी मगदूम सांगायची, "नॉब पिळते. मरेपर्यंत."

"तू मरेपर्यंत?"

"नॉब मरेपर्यंत."

आणि ते खरंच होतं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 'तरंगिणी' नावाची सिंथेसायझर बनवणारी एक कंपनी होती. विजेपासून आवाज तयार करायचा आणि नॉब फिरवून त्या आवाजाला हवा तसा आकार द्यायचा, असं ते वाद्य. कंपनीच्या मागच्या खोलीत एक यांत्रिक हात होता. कस्तुरीने त्याचं नाव पिळोबा ठेवलं होतं. पिळोबा आपला दिवसरात्र एकेक नॉब डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत बसायचा. कुठला नॉब डुगडुगायला लागला, कुठला खरखरला, कुठल्याची टोपीच निघून पिळोबाच्या हातात आली, हे कस्तुरीने बघायचं. लग्नाआधी तिने हे काम घरी समजावून सांगितलं होतं, तेव्हा तिच्या वडिलांनी बराच वेळ विचार करून विचारलं होतं, "आणि याचा पगार देतात?"

पण तोवर जगातल्या फिरवायच्या वस्तू संपत आल्या होत्या. शेगडी काचेची झाली होती. पंखा बोलल्यावर लागायचा. मोटारीत तर नुसती काचच काच. कस्तुरीच्या सासूबाईंचं या काचेशी उभं वैर होतं. भाकरीच्या पिठाचा हात शेगडीच्या काचेला कळायचाच नाही. त्या बोट दाबायच्या, पुसायच्या, पुन्हा दाबायच्या आणि म्हणायच्या, "एवढी वर्षं या हातांनी संसार केला, आन् ही मेली माझं बोटच मानत न्हाई."

कंपनीचे मालक दांडेकर मात्र काचेचे भक्त होते. पुढच्या सिंथेसायझरवर एकही नॉब नको, सगळं काचेवर, असं त्यांच्या मनात होतं.

"कस्तुरी, काचेला मरण नाही. पुसली की नवी."

"मरण नाही, सर, कारण तिला जीवच नाही."

"तुझा नॉब आवडला तर ठेवू. सोमवारी बिवलकर येतायत. त्यांनी मान हलवली, तर नॉब. नाही हलवली, तर तू काचेच्या विभागात."

काचेच्या विभागात पिळायला काही नव्हतं. तिथे नुसतं पुसत बसायचं होतं.

शार्दूल बिवलकर म्हणजे सिनेमाचे मोठे संगीतकार. साठीचा माणूस, पैलवानासारखे पंजे. त्यांच्या तावडीत सापडलेले नॉब झिजत नसत, उपटून यायचे. त्यांनी मान हलवली असती तर बाकीचे वादक रांगेने आले असते.

आणि दाखवायला कस्तुरीजवळ चीजही तशीच होती. बाळंतपणाच्या रजेआधी सुरू केलेली, रजेत डोक्यात घोळवलेली, रजेनंतर दोन दुधांच्या मधल्या वेळात पुरी केलेली.

जुन्या नॉबच्या पोटात कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची जीभ घासत जाते. जितकं फिरवावं तितकी पट्टी झिजते, वर धूळ बसते आणि ऐन गाण्यात खर्र होतं. कस्तुरीच्या नॉबमध्ये घासणारं काही नव्हतंच. दांड्याच्या टोकाला चुंबक होतं, आणि ते किती फिरलं हे समोरची चिप दुरूनच वाचायची. पण काहीच न घासणारा नॉब हाताला पोकळ लागतो, आपण काही फिरवतोय असं वाटतच नाही. म्हणून तिने दांडा तेलात बुडवला. तेलात पिठासारखी बारीक लोखंडाची पूड, आणि भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज सोडली की पुडीचे कण एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात आणि तेल क्षणात घट्ट होतं. थोडी वीज सोडली की लोणी, जास्त सोडली की पेढा. बंद केली की पुन्हा तेल. एकाच नॉबला हवा तो स्पर्श!

याच्याही पुढची गोष्ट टोपीत होती. टोपीवर दाब, ओढ, ओल आणि थरथर ओळखणारी पातळ कातडी चढवलेली होती. ज्याचा हात पहिल्यांदा लागेल त्याची पकड नॉब शिकून घ्यायचा, त्या हाताला सुखाचा होईल असा सैलावायचा आणि ती ओळख चिपमध्ये कायमची कोरून टाकायचा. कायमची अशासाठी, की वादकांची जुनी तक्रार होती, "काल होता तसा आज लागत नाही." शिवाय दांडेकरांनी चोरांसाठी एक सोय मागून घेतली होती. परका हात लागला की पेढा.

एकच खोट राहिली होती. हा नॉब बसवलेलं मशीन स्वस्थ पडून राहिलं की लोखंडाची पूड तळाशी बसायची. अधूनमधून हलवत राहावं लागायचं. म्हणून शनिवारी कस्तुरी ते मशीन, नॉब बिवलकरांच्या हातासाठी कोरा राखून, घरीच घेऊन आली आणि जुईच्या झोळीशेजारी एका जुन्या साडीची दुसरी झोळी बांधून त्यात ठेवलं. मग एका हाताने ही दोरी, दुसऱ्या हाताने ती दोरी.

सासूबाई दारात थबकल्या. "हे दुसरं कुणाचं?"

"माझंच आहे, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. "रडत तरी न्हाई."

रविवारी जुईचं उष्टावण होतं. तिला सातवा महिना लागला होता. आईच्या दुधापलीकडचा पहिला घास मामाने भरवायचा, आणि मग बाळासमोर वस्तू मांडायच्या. बाळ जिला हात घालेल, त्यात त्याचं पुढचं आयुष्य, असं मानतात. सासूबाईंनी पाटाभोवती पोथी मांडली, पेन मांडलं, सोन्याची अंगठी, मूठभर माती. कस्तुरीचा नवरा सुमेध गुरांचा डॉक्टर होता, त्याने हळूच आपलं थर्मामीटर ठेवलं. सासूबाईंनी ते कुठे कुठे घातलेलं असतं हे आठवून तितक्याच हळूच उचललं.

"वाद्य न्हाई कुठलं घरात?" त्यांनी विचारलं. "टाळ तरी ठेवतात की गं."

खरं तर कस्तुरीने इथे गप्प बसायचं. पण सहा महिन्यांत तिची सलग झोप झाली नव्हती, आणि आपण घडवलेल्या वस्तूचा प्रत्येकाला असतो तो अभिमान तिलाही होता. ती आत गेली, मशीन झोळीतून काढून घेऊन आली आणि पाटापुढे ठेवलं. "बंदच आहे. काही होत नाही त्याला."

मामाने खीर भरवली. जुईने ती अर्धी खाल्ली, अर्धी तपासली. मग पोटावर सरकत निघाली. पोथीला लाथ मारली, अंगठीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, माती ओलांडली आणि खिरीने लडबडलेल्या मुठीत मशीनचा मधला मोठा नॉब गच्च धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. जुई नॉब तोंडात घालायला बघत होती आणि मशीन जड म्हणून येत नव्हतं, तर ती पिळत, ओढत, लाळ गाळत तशीच झुंजत राहिली. कस्तुरी फोटोंवर फोटो काढत होती.

पाहुणे गेल्यावर दुपारी ती फोटो बघत बसली. पहिल्या फोटोत जुई. दुसऱ्यात जुई, आणि नॉबच्या बुडाशी एक हिरवा ठिपका. तिसऱ्यातला ठिपका चांगलाच ठळक. शेवटच्या फोटोत त्याचा रंग निळा.

निळा म्हणजे ओळख पक्की.

बंद मशीनच्या नॉबला स्वतःची छोटी बॅटरी होती. गिऱ्हाइकाचा पहिला स्पर्श वाया जाऊ नये म्हणून ती तिथे बसवावी, ही कल्पना कस्तुरीचीच होती. तिने त्यासाठी दांडेकरांशी भांडण केलं होतं आणि मग ती साफ विसरून गेली होती.

तिने जाऊन नॉब धरला. पेढा.

पुसून धरला. पेढा. सुमेधला बोलावलं. गायीच्या अडलेल्या वासराला बाहेर काढणारे ते हात, पण नॉब तसूभर हलला नाही.

"जोर लावायचा नसतो," सुमेध घाम पुसत म्हणाला. "कळ येऊ द्यायची असते."

"सुमेध, तो नॉब आहे!"

"मग तू मला का बोलावलंस?"

सासूबाईंनी आपला पिठाचा हात लावून पाहिला. "ही पण काचेच्याच जातीची," असा निकाल देऊन त्या भाकऱ्यांकडे परतल्या. एवढ्यात जुई खालून सरकत आली, उठून बसायच्या भानगडीत मशीनला लोंबकळली, आणि नॉब लोण्यासारखा गर्रकन फिरला.

कस्तुरीने डोक्याला हात लावला. नवी चिप यायला आठवडे लागणार होते. बिवलकर उद्या येणार होते.

सोमवारी ती कंपनीत शिरली तेव्हा तिच्या एका कडेवर जुई होती, दुसऱ्या हातात मशीन, आणि मागून खिमटाचा डबा घेतलेल्या सासूबाई.

"हे काय?" दांडेकरांनी विचारलं.

"उपकरणाचा भाग आहे, सर," कस्तुरी जुईकडे बोट दाखवत म्हणाली.

"आणि या?"

"त्या उपकरणाचा चार्जर."

बिवलकर आले, बसले. त्यांनी आधी पट्टी दाबून एक सूर चालू ठेवला. तो दबलेला, अंगावर गोधडी घेतल्यासारखा येत होता. मधला मोठा नॉब फिरवला की ही गोधडी हळूहळू बाजूला होणार आणि आवाज उघडत जाणार, अशी रचना होती. त्यांनी तीन बोटांनी नॉब धरला आणि पिळला. पेढा. पंजाने पिळला. पेढा. मग उभं राहून पिळला, तेव्हा नॉब जागेवरच राहिला आणि टेबल फिरलं.

"मजबूत आहे," ते धापा टाकत म्हणाले. "पण हा फिरतो का कधी?"

"फिरतो, सर. हिच्या हाताने." कस्तुरीने घडलं ते सगळं सांगितलं आणि जुईला टेबलावर बसवलं.

जुईने नॉबकडे पाहिलं. ओळखही दाखवली नाही. दांडेकरांचा काचेचा टॅब शेजारी चकाकत होता. ती तिकडे झेपावली आणि काच चाटायला लागली. काचेला लाळ आणि बोट यांतला फरक कळेना. आधी दिवे गेले, मग भिंतीवर कुठल्या तरी लग्नाचा व्हिडिओ सुरू झाला, मग फोन लागला आणि दांडेकरांच्या सासऱ्यांचा आवाज खोलीभर घुमला, "बोला जावईबापू, आज कशी काय आठवण झाली?"

दांडेकर टॅब घेऊन कोपऱ्यात पळाले. "नाही मामा, सहजच... नाही, पैसे नकोयत..."

बिवलकर हसत जुईपुढे वाकले. तिने त्यांची तर्जनी पकडली. पूर्ण मुठीत, खिमटाने ओल्या मुठीत. आणि ओढली, सरळ तोंडाकडे. बिवलकरांचं हसू थांबलं. एवढा मोठा माणूस बोटामागून नकळत पुढे झुकत गेला.

"केवढी पकड आहे हिची," ते अगदी हळू म्हणाले. "सोडतच नाही."

कस्तुरी बघत होती. कालपासून सगळे नॉब *फिरवायला* जात होते. जुईने तो फिरवायला धरलाच नव्हता. तिला तो खायचा होता. पूर्ण मूठ, ओला तळवा, आपल्याकडे ओढ, आणि त्या ओढीत आपोआप आलेला पीळ. नॉब शिकला होता तो हा हात.

"सर, तळवा पुढे करा. आई, खिमट."

सासूबाईंनी चमचाभर खिमट बिवलकरांच्या तळव्यावर वाढलं. "गरम न्हाई," त्यांनी धीर दिला.

"आता मूठ करून धरा. फिरवू नका. तोंडात घालायचाय असं समजून ओढा."

"काय समजून?"

"भूक लागलीय असं समजा, सर."

बिवलकरांनी आजूबाजूला पाहिलं. दांडेकर सासऱ्यांशी बोलत होते. मग त्यांनी मूठ आवळली, डोळे मिटले, किंचित तोंड उघडलं आणि ओढलं.

नॉब सैलावला. सूर अंगावरची गोधडी ढकलत वर आला, आधी ऊ, मग ओ, मग लख्ख आ, जसं एखादं मूल झोपेतून उठून, घर जागेवर आहे ना बघून, आईला हाक मारतं. बिवलकरांनी पुन्हा ओढलं. पुन्हा. त्यांच्या मनगटावरून खिमट ओघळत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

"इतका हलका हात माझा कधीच नव्हता," ते शेवटी म्हणाले. "मी हाच घेतो. आत्ता. आणि माझ्या सगळ्या वादकांना असली मशीनं. दांडेकर, बोला."

"दिला!" दांडेकर कोपऱ्यातूनच ओरडले. "तुम्हाला नाही, मामा!"

"नाही," कस्तुरी म्हणाली.

तिचं तिलाही नवल वाटलं. सगळं हातात आलं होतं. नॉब वाचला होता, पिळोबा वाचला होता, तीही वाचली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण जुईच्या मनगटावरची वळी कालपेक्षा आज थोडी कमी खोल वाटत होती. गेल्या आठवड्यातलं झबलं या आठवड्यात होत नव्हतं.

"हा नाही देता येणार, सर. नवा देते, कोरा. तुम्हाला नको असेल तर ऑर्डर रद्द करा." तिने मशीन जवळ ओढलं. "हा आता नॉब राहिलेला नाही. हा हिचा हात आहे. पुढच्या महिन्यात तो असा नसेल. फोटोत दिसतं सगळं, पण धरता येत नाही."

दांडेकरांचा चेहरा बघवत नव्हता. बिवलकर रुमालाने एकेक बोट पुसत राहिले.

"कोरा नॉब कुणाच्याही हाताने शिकतो?" त्यांनी विचारलं.

"जो पहिला लागेल त्या."

"माझी आई नव्वदीला आलीय. हात थरथरतात. खुर्चीतून उठताना माझं मनगट धरते, ते कसं धरते हे मला कुणाला सांगता येत नाही." त्यांनी रुमालाची घडी घातली. "मला कोरा द्या. तिला पिळू देतो."

"पण सर, मग तुम्हाला वाजवता यायचा नाही."

"शिकेन की तिच्यासारखं धरायला. आत्ता नाही का शिकलो?"

आणि त्यांनी मान हलवली.

पुढे जे झालं त्याची दांडेकरांनी स्वप्नातही जाहिरात केली नसती. बिवलकरांच्या पुढच्या सिनेमातला तो थरथरणारा सूर गाजला, तो कसा निघतो ते लोकांना कळलं, आणि कंपनीच्या दारात अशी माणसं यायला लागली ज्यांना सिंथेसायझर म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. कुणी आजोबांना घेऊन यायचं, कुणी तान्ह्या जुळ्यांना. "वाद्य नको हो, नुसता नॉब द्या." एका जोडप्याने एकाच नॉबवर दोघांचे हात ठेवले. तो नॉब दोघांनी मिळून फिरवला तरच फिरायचा, आणि भांडण झालं की आठवडाभर पेढा. एक बाई मांजर घेऊन आल्या. मांजराने नॉब ओरबाडून टाकला आणि खाली पाडला. तेव्हापासून तो फक्त टेबलावरून पाडल्यावरच चालतो, आणि बाई त्यावर खूश आहेत. लोक शिकले एवढंच, की इथे लवकर यायचं असतं. गेलेल्याचा हात नॉबला शिकवता येत नाही. असं कुणी उशिरा आलं की कस्तुरी त्यांना पिळोबाच्या खोलीत बसवायची, चहा द्यायची आणि ती माणसं त्या हाताबद्दल सांगायची ते सगळं ऐकून घ्यायची.

घरी सासूबाईंनी काचेच्या शेगडीला नॉब बसवून घेतला, तोही पिठाच्या हाताने शिकवून. आता शेगडीला त्यांचं बोट कळतं. दुसऱ्या कुणाचं कळत नाही. त्या गावाला गेल्या की सुमेधला चहा करायचा असला तरी आधी पीठ मळावं लागतं.

"चहा झाला का रे?" कस्तुरी बाहेरून विचारते.

"थांब, अजून भिजवतोय."

जुई आठ वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी तिला कपाटावर ते जुनं मशीन सापडलं. आईने गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की खरी वाटेनाशी झाली होती. तिने ते जमिनीवर ठेवलं, तार जोडली, एक सूर चालू ठेवला आणि नॉब पिळला.

"आई, हा खराब झालाय."

"तो होत नाही खराब. पिळोबाला नाही जमलं ते."

"मग फिरत का नाही?"

"परका हात लागलाय त्याला."

जुई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "परका? त्यात माझाच हात आहे ना? माझाच हात, आणि मलाच पेढा?"

"तो आहे तेवढाच राहिलाय, राणी. तू वाढलीस."

हे उत्तर जुईला मुळीच पटलं नाही. तिने तळव्यावर सढळ हाताने थुंकून घेतलं, कस्तुरीने तोंड वाकडं केलं पण अडवलं नाही, आणि मूठ करून नॉब धरला. पेढा. दात-ओठ खाऊन पिळला. पेढा.

"फिरवू नकोस," कस्तुरी तिच्यामागे येऊन बसली. "तुला तो फिरवायचा नव्हताच. खायचा होता."

"शी! हा?"

"हाच. बाकी काही सुचत नव्हतं तुला."

जुई फिदीफिदी हसली. मग हसता हसताच तिने तोंड भलंमोठं उघडलं, मान पुढे काढली आणि नॉब आपल्याकडे ओढला, आणि तो लोण्यासारखा फिरला. ऊ, मग ओ, मग लख्ख आ. जुईचं तोंड तसंच उघडं राहिलं. ती वळून आईकडे बघायला लागली, पण मूठ तिने सोडली नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं कस्तुरी, पोर भुकेली जणू. खिमट टाकू का?"